डाव्या विंगेतली घार

नाट्यगृहात तिला सगळे घार म्हणत. पाठीमागे नव्हे, तोंडावर. "घारीला विचार, कोट तिच्याकडे असेल." तीही ओ द्यायची. एरवी वर्षभर ती कपडेपट सांभाळायची, म्हणजे तुटलेली बटणं, उसवलेल्या बाह्या, घामाने कडक झालेल्या कॉलरी आणि सगळ्यात शेवटी नटांचे नखरे. पण नाव पडलं होतं ते एका दिवसावरून. वार्षिक नाट्यपुरस्कारांच्या दिवशी ती काळे कपडे घालून डाव्या विंगेत उभी राहायची आणि जिंकून आत आलेल्या माणसाच्या हातातून त्याचं बक्षीस काढून घ्यायची.

बक्षीस म्हणजे एक पितळी हात होता. कोपरापासून बोटांपर्यंत, पडदा बाजूला सारत असल्यासारखा. वजन इतकं, की धरणाऱ्याच्या चेहऱ्यावर आपोआप नम्रता यावी. आणि हा हात एकच होता. नाट्यगृहाच्या थोरल्या व्यवस्थापकांनी हा सोहळा सुरू केला तो एका शाळेच्या सभागृहात, मुलांच्या बाकांवर पाहुणे बसवून. तेव्हा त्यांनी एकच हात ओतून घेतला; दुसरा ओतायचं कुणाला सुचलंच नाही. मग करायचं काय? रंगमंचावर द्यायचा, टाळ्या घेऊ द्यायच्या, डावीकडून आत आलं की परत घ्यायचा आणि तोच पुढच्याला द्यायचा. नावाची पट्टी मागाहून घरी. त्या दिवशी ती नुसती अडचण होती. दहा वर्षांत तिची प्रथा झाली. आता स्मरणिकेत छापून येत होतं, 'कला कोणा एकाच्या मालकीची नसते, हे शिकवणारी आपली थोर परंपरा.' घारीने ते एकदा वाचलं आणि स्मरणिका इस्त्रीच्या टेबलाच्या लंगड्या पायाखाली सारली. तिथे ती बरोबर बसली.

समोर बसणाऱ्यांना सोहळ्याचा इतिहास भाषणांमधून माहीत होता. घारीला तो बोटांवरून माहीत होता. कोण पटकन सोडतं, कोण नखं रोवतं, कोणाचे तळवे ओले असतात. तिसऱ्या वर्षी एक विनोदी नट हात घेऊन जो घरी गेला, तो परत द्यायला तयार होईना. त्याच्या बायकोने त्यावर छत्र्या टांगल्या होत्या. तेव्हा थोरले व्यवस्थापक कपडेपटात आले आणि म्हणाले, "मला कुणाच्या बापाला न भिणारी बाई हवी." घारीने सुईतला दोरा दाताने तोडला आणि म्हणाली, "समोर उभी आहे."

त्यानंतर हात कधी नाट्यगृहाबाहेर गेला नाही. एका वर्षी दोन नाटककारांना विभागून मिळाला. दोघे एकेक टोक धरून विंगेत आले, 'तुम्ही घ्या', 'छे, तुम्ही' म्हणत, आणि कोणीच सोडेना. घारीने दोघांच्या बरगड्यांत एकेक कोपर घातलं. एका दिग्दर्शकाने परीक्षकांचा निषेध म्हणून रंगमंचावर पुरस्कार नाकारला, सभागृह हादरलं, आणि हा गृहस्थ विंगेत येऊन हळूच म्हणतो, "नुसता एकदा धरून बघू का?" "पुढच्या वर्षी," घार म्हणाली. एक थोर अभिनेत्री तिच्या मनगटाला चावली होती. तो वण घार नव्या मुलींना दाखवायची, जसे इतर लोक फोटो दाखवतात.

"बाई, एक मिनिट, फोटो काढू द्या—"

"फोटो बाहेर. सोडा."

"अहो, आयुष्यभर वाट पाहिली याची!"

"मग आता पुढच्याला पाहू द्या. सोडा, बोटं मोडतील. तुमची म्हणतेय मी. त्याची पितळेची आहेत."

लोक तिला शिव्या घालत आणि ती त्या कपड्यांवरच्या धुळीसारख्या झटकून टाके. तिचं या लोकांशी वाकडं होतं, ते फार जुनं होतं. कारण पहिल्या वर्षी, त्या शाळेच्या सभागृहात, सर्वोत्कृष्ट सहायक अभिनेत्री म्हणून थोरल्या व्यवस्थापकांनी जे नाव पुकारलं, ते तिचं होतं.

तेव्हा ती नटी होती. त्या नाटकात तिने अंथरुणाला खिळलेली कजाग नणंद केली होती. सगळा तिसरा अंक ती पलंगावरून नुसती खोकत असे, आणि त्या खोकण्यातून घरातल्या एकेका माणसाचा पाणउतारा करत असे. तिची धाकटी बहीण त्याच नाटकात मोलकरीण होती. तिला वाक्य एकच, 'बाई, दार लावू का?'

पुढची हकिकत घरात सांगितली जायची ती अशी. त्या दिवशी थोरलीला ताप होता. तिच्या वतीने धाकटी रंगमंचावर गेली. हात घेतला, दोन शब्द बोलली, त्यात थोरलीचं नाव काही आलं नाही, आणि विंगेत येऊन हात परत दिला. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात फोटो आला. पितळी हात, त्यामागे धाकटीचे मोठ्ठे डोळे. नावाची पट्टी काही आली नाही. पहिल्या वर्षी कुणाचीच आली नाही. पण तो फोटो पाहून धाकटीला दोन निर्मात्यांची बोलावणी आली. थोरलीला एका दिग्दर्शकाने मोलकरणीचं काम देऊ केलं, तेव्हा तिने अंगावरचा पोशाख काढून त्याच्या तोंडावर फेकला. तो म्हणाला, "कपडे फेकायची एवढी हौस आहे तर कपडेपटच बघ." तिने बघितला.

धाकटी मोठी झाली. फार मोठी नाही, पण रस्त्यात लोक वळून बघतील इतकी. आता साठीच्या घरात ती मालिकांमधल्या आजारी आयांची कामं करायची. सोहळ्याला पंचवीस वर्षं झाली तेव्हा एका मुलाखतीत तिला विचारलं, पहिल्या पुरस्काराची आठवण सांगा. ती म्हणाली, "मी विशीतली पोर होते हो, हात नुसता थरथरत होता." बस, एवढंच. कुणाचा पुरस्कार, ते नाही. त्या दिवसापासून दोघी बहिणी एकमेकींशी बोलल्या नव्हत्या.

आणि राहत होत्या एकाच घरात. आईच्या मागे राहिलेल्या तीन खोल्या. एकीत थोरली, एकीत धाकटी, मधल्या खोलीत धाकटीची मुलगी. ही भाची दाताच्या दवाखान्यात मदतनीस होती. दिवसभर लोकांची तोंडं उघडी धरायची आणि घरी येऊन दोन बायकांची बोलणी इकडून तिकडे पोचवायची. ती घरी नसेल तेव्हा दोघी फ्रिजला उद्देशून बोलत.

सोहळ्याचं चाळिसावं वर्ष आलं आणि चिरंजीवांनी फिल्म काढली.

चिरंजीव म्हणजे थोरल्या व्यवस्थापकांचा मुलगा, आताचा सचिव. फिल्ममध्ये सोहळ्याचा सगळा इतिहास होता आणि सुरुवातीलाच तो फोटो, मोठ्ठे डोळे आणि सगळं. पहिल्या वर्षीच्या विजेत्यांचा सत्कार करायचं ठरलं होतं. शोधाशोध केल्यावर त्यांतली हयात आणि चालती-बोलती एकच निघाली, धाकटी. तिच्या हातात रंगमंचावर पुन्हा तो हात द्यायचा, असा बेत होता.

घार तिकीटखिडकीच्या वरच्या कचेरीत गेली ती दार न वाजवताच.

"चिरंजीव, पहिल्या वर्षी तो हात मला मिळाला होता."

"बसा ना, बाई."

"बसायला आले नाही. तुझ्या बापाने स्वतःच्या तोंडाने माझं नाव पुकारलं होतं."

"असेलही. मी तेव्हा पाळण्यात होतो."

"अजून तिथेच आहेस."

चिरंजीव हसले. त्यांना लहानपणापासून या बाईची भीती वाटत आली होती, आणि आता सचिव झाल्यावर ती हसण्याआड लपवता येत होती. "बाई, फोटोत त्या आहेत. सगळ्या लेखांत त्या आहेत. फिल्मवर संगीतसुद्धा चढलं. आता काय त्यांच्या धडावर तुमचं डोकं बसवू?"

"बसव. बिनडोक माणसं तर तुम्ही दरवर्षी उभी करता."

"साक्षीदार कोण?"

"तुझा बाप."

"त्यांना आता मी कुठून आणू?"

"त्यांना आणू नकोस. तुलाच पाठवते त्यांच्याकडे."

चिरंजीवांचं हसू आटलं. "एक सांगायचं राहिलं होतं," ते कागद चाळत म्हणाले. "पुढच्या वर्षीपासून प्रत्येक विजेत्याला स्वतंत्र हात. प्रायोजक देणार आहेत. काचेचा. तेव्हा विंगेत कुणी थांबायची गरज राहणार नाही. तुमचं हे शेवटचं वर्ष. छान होऊन जाईल."

"काचेचा हात," घार म्हणाली. "पडला की कळेल किती छान ते."

ती दाणदाण जिना उतरली. म्हणजे आता नाव तर नाहीच, वर तो हात विंगेच्या अंधारात क्षणभर धरायला मिळायचा, तेही संपलं. या वर्षी नाव पुकारलं गेलं तर गेलं. एरवी ती मेल्यावरसुद्धा लोक म्हणणार, ती होय, ती बक्षीस हिसकावणारी.

घरी भाची जेवायला बसली होती. घार तिच्या डावीकडे बसली, धाकटी उजवीकडे.

"तुझ्या आईला सांग," घार म्हणाली, "शुक्रवारी रंगमंचावर गेलीस की खरं काय ते सांग म्हणावं. एवढी एक संधी आहे."

भाचीने घास गिळला. "आई, मावशी म्हणतेय—"

"ऐकलं मी. मावशीला सांग, मला जे बोलायचं ते मी पाठ केलंय."

"तिला सांग, पाठ केलेलं तिला कधी धड आठवलंय? एक वाक्य होतं, तेही मी पलंगावरून पुटपुटून द्यायची."

"तिला सांग, त्या एका वाक्यावर मी घर चालवलं. आणि हेही सांग, की विंगेत उभी राहून माझ्यावर झडप घालायचा विचार असेल तर विसर. मी तिच्या हातात देणार नाही."

"तिला सांग, बघू."

"तिला सांग, बघच."

"मी जेवू का?" भाची म्हणाली.

शुक्रवारी दुपारी सभागृह गच्च भरलं होतं. सोहळा वाहिनीवर थेट दाखवला जात होता, त्यामुळे सगळे एरवीपेक्षा जास्त हसत होते. घार तिच्या जागी उभी होती. नेपथ्यकाराचा हात काढून घेतला, संगीतकाराचा घेतला, सहायक अभिनेत्रीचा घेताना ती पोर रडायला लागली, तिला म्हणाली, "रड, पण सोडून रड." मग दिवे मंद झाले, फिल्म लागली, फोटो आला, आणि टाळ्यांच्या कडकडाटात धाकटी हिरव्या रेशमात रंगमंचावर आली. कुणीतरी तिच्या हातात पितळी हात दिला.

"मी विशीतली पोर होते," धाकटी म्हणाली. आवाजात नेमका हवा तेवढा कंप. "हात नुसता थरथरत होता. आजही थरथरतोय."

सभागृह विरघळलं. घारीने बोटं मोकळी केली आणि वाट पाहू लागली.

धाकटी डावीकडे वळलीच नाही.

चाळीस वर्षांत उजवीकडून कोणी गेलं नव्हतं, आणि त्याला कारण होतं. उजव्या विंगेत चालू नाटकाचा लाकडी जिना ठेवलेला असायचा, भिंतीला भिडलेला. धाकटी ताठ मानेने त्या बाजूला नाहीशी झाली, आत काहीतरी धडकल्याचा आवाज आला, आणि ती पुन्हा बाहेर आली. आता परत डावीकडे जायचं म्हणजे नाक घासत जाण्यासारखं. ती सरळ पुढच्या पायऱ्या उतरली आणि पहिल्या रांगेत आपल्या खुर्चीवर जाऊन बसली. मांडीवर पितळी हात, चेहऱ्यावर स्मित.

सूत्रसंचालकाला हे कळायच्या आत त्याने सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचं नाव पुकारलं होतं. अभिनेता आला. प्रमुख पाहुण्यांनी बक्षीस द्यायला हात पुढे केले आणि ते रिकामेच राहिले. "आणि आता," सूत्रसंचालक म्हणाला. "आणि आता... ज्या क्षणाची आपण सगळे..."

घार विंगेतून बाहेर पडली.

काळे कपडे, सपाट चपला, दंडावर टाचण्यांची उशी. ती रंगमंच ओलांडून गेली, पायऱ्या उतरली आणि बहिणीपुढे उभी राहिली. कॅमेरेही तिच्या मागे वळले.

"दे."

धाकटीने शेजारी बसलेल्या परीक्षकांकडे पाहिलं. "यांना सांगा, मी देणार नाही."

परीक्षक गोंधळले. विद्वान माणूस. "त्या... त्या म्हणतात, देणार नाहीत."

"त्यांना सांगा, त्यांच्यापेक्षा दांडग्यांच्या मुठी उघडल्यात मी."

"त्या म्हणतात—"

तोवर घारीने अंगठ्याच्या मुळाशी जिथे दाबायचं तिथे दाबलं होतं. मूठ उघडली. हात तिच्याकडे आला. सभागृहाला वाटलं, हे सगळं बसवलेलं आहे. लोक पोट धरून हसले आणि टाळ्या वाजवू लागले.

घार हात घेऊन वर आली. अभिनेता दोन्ही हात पसरून उभा होता. तिने फक्त त्याला द्यायचा होता. पण वर दिवे होते. हा हात तिने इतर कुणापेक्षाही जास्त वेळा धरला होता आणि उजेडात एकदाही पाहिला नव्हता. करंगळी किंचित वाकडी होती. नखंसुद्धा कोरलेली होती, तिला माहीतच नव्हतं. ती अभिनेत्याच्या समोरून गेली, डाव्या विंगेतून गेली, बोळातून गेली, कपडेपटात शिरली आणि आतून कडी घातली.

पहिल्यांदा चिरंजीव आले. दारावर थापा.

"बाई! थेट प्रक्षेपण चालू आहे!"

"चालू दे."

"बक्षीस द्यायचंय!"

"फुलदाणी द्या. टेबलावर आहे."

कपडेपटाच्या भिंतीवर एक जुना स्पीकर होता. रंगमंचावर काय चाललंय ते त्यातून ऐकू यायचं, म्हणजे कपडे वेळेवर तयार ठेवता येत. त्यातून आता हशा ऐकू आला. फुलदाणी खरंच दिली होती, आणि तिच्यातलं पाणी अभिनेत्याच्या कोटावर सांडलं होतं. कोट भाड्याचा नव्हता, कपडेपटातला होता. घारीच्या कपाळाला आठी पडली.

"बाई, तुम्हाला काय हवंय?"

"माझं नाव पुकार. तुझ्या बापाने पुकारलं तसं."

"सगळ्या जगासमोर फिल्म खोटी ठरवू? मी पोलीस बोलावीन!"

"बोलाव. त्यांचीही बटणं तुटलेली असतात."

मग बोळातून टाचांचा आवाज आला. तो आवाज घारीला ओळखीचा होता; रोज सकाळी तो न्हाणीघराच्या दारापर्यंत जायचा आणि ती आधी शिरली असेल तर रागाने परत जायचा.

"दार उघड."

घारीने कडी नीट बसलीय का ते चाचपून पाहिलं.

"तुलाच म्हणतेय. दार उघड, टवळे."

पंधरा वर्षांनी धाकटीचा पहिला शब्द. घारीने पितळी हात इस्त्रीच्या टेबलावर ठेवला. "माझं नाव चोरलंस," ती म्हणाली.

"चोरलं? तू टाकलेलं उचललं मी. ताप होता म्हणे! कसला ताप गं? आरशापुढे बसून केस विंचरत होतीस. मी म्हटलं, चल, उशीर होतोय. काय म्हणालीस तेव्हा? 'शाळेच्या हॉलात पितळेचं भांडं वाटणार आहेत. मला काय करायचंय त्या मोडीचं? तूच जा, टाळ्या वाजवून ये.' म्हणालीस की नाही?"

बाहेर चिरंजीवांनी मध्येच वेळेचं काहीतरी काढलं असावं. धाकटी त्यांना म्हणाली, "तुम्ही गप्प बसा हो." मग पुन्हा दाराकडे वळून, "मी घरी आले. धावत आले. तुला सांगितलं, तुझं नाव पुकारलं. तू मागे वळलीस? 'कुणी विचारलं तर सांग ताप होता.' एवढंच. वर्तमानपत्रवाला आला, तर दार लावून घेतलंस. कारण हरायची भीती होती, म्हणून गेली नव्हतीस, आणि जिंकल्यावर ते कबूल करायची लाज वाटली. मी काय करायचं होतं? त्या माणसाला तसंच परत पाठवायचं?"

घारीने टेबलावरच्या हाताकडे पाहिलं, मग इस्त्रीकडे पाहिलं, आणि इस्त्री बंद केली.

"पंचवीस वर्षांनी तरी सांगायचंस," ती शेवटी म्हणाली.

"काय सांगू? की माझ्या बहिणीला तुम्ही सगळे मोडीचे व्यापारी वाटता?"

"तेच सांगायचंस!"

"सांगू?"

"छाती आहे?"

"सांगू? बघ हं!"

कडी वाजली. दार वीतभर उघडलं आणि फटीतून पितळी हात बाहेर आला. "घे. जा. आणि डावीकडून आत ये, माणसासारखी."

घार स्पीकरखाली उभी राहिली. आधी खरखर, मग सूत्रसंचालकाचा सुटलेला निःश्वास, "आला, हात आला!", टाळ्या, आणि मग धाकटीचा आवाज. या वेळी त्यात कंप नव्हता.

"थांबा, देते. आधी ऐका. मघाशी मी अर्धं सांगितलं. हात थरथरत होता, कारण तो माझा नव्हता. पहिल्या वर्षी हे माझ्या थोरल्या बहिणीला मिळालं होतं. ती आली नाही. कारण तिला तुम्ही लोक भिकार वाटत होता."

हशा.

"हसू नका, अजून वाटता. मघाशी येऊन हे काढून घेऊन गेली ना, तीच ती. इतकी वर्षं तुमच्या हातून हे हिसकावतेय, आणि घरी येऊन तुम्हाला नावं ठेवतेय. कोणाचं पोट पट्ट्यात मावत नाही, कोणाच्या कोटाला कसला वास येतो, सगळं मला पाठ आहे."

हशा जरा विरळ झाला.

"इतकी खवट बाई मी पाहिली नाही. उद्या ती मला घरात घेणार नाही. पण त्या नाटकात, माझं दुर्दैव, ती माझ्यापेक्षा चांगली होती. आमच्या सगळ्यांपेक्षा." आणि मग तिने नाव घेतलं. पूर्ण नाव, नाटकाच्या पाटीवर असायचं ते.

घारीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. भिकार! ती भिकार कधीच म्हणाली नव्हती. आणि पोटाचं, वासाचं, हे घरातलं बोलणं, हे असं चव्हाट्यावर? स्पीकरमधून टाळ्या येत होत्या. हसणाऱ्यांच्या, चिडलेल्यांच्या, काहींच्या उगाच. किती वर्षं तिने मनात हा प्रसंग रंगवला होता. त्यात कुणी तिला खवट म्हणत नव्हतं. तिने बाहीवरचा एक दोरा उचलला, नीट गुंडाळला आणि टाचण्यांच्या उशीत खोचला. मग ती विंगेकडे निघाली, कारण अभिनेत्याचं भाषण संपत आलं असणार आणि तो ओला कोट घालून बाहेर फिरणार.

तो आत आला. "बाई, खरंच तुम्हाला तेव्हा—"

"सोडा. आणि कोट काढा."

मागोमाग धाकटी आली, डावीकडून. दोघी अंधारात समोरासमोर उभ्या राहिल्या.

"ऐकलंस?"

"भिकार म्हणाले नव्हते मी. मोडीचं म्हणाले होते."

"एकच ते."

"एक नाही. पाठांतर कच्चं ते कच्चंच."

चिरंजीव धापा टाकत आले. स्मरणिका छापून झालीय, तिच्यात काही बदल होणार नाही, फिल्मही तशीच राहील, आणि बाईंनी उद्यापासून कपडेपटाची किल्ली जमा करावी, असं सगळं ते एका दमात बोलले. घार म्हणाली, "किल्ली या कोटाच्या खिशात ठेवते. वाळला की घे." आणि पुढच्या विजेत्याकडे वळली. शेवटपर्यंत एकाही विजेत्याकडे तिने तो हात राहू दिला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी भाची चहा घेऊन मधल्या खोलीत आली, तेव्हा दोघी आधीच बसलेल्या होत्या. ती सवयीने मध्ये बसायला गेली.

"उठ," धाकटी म्हणाली, "दिसत नाही मला ती."

"उजवीकडून कोण जातं गं?" घार थेट तिच्याकडे बघून म्हणाली. "तिथे जिना असतो. चाळीस वर्षं नाटकात काढलीस आणि जिना माहीत नाही?"

"मला जिने चढायला द्यायचे. ठेवतात कुठे ते तुला माहीत. आणि एक सांगू? तो खोकला तू जास्त करायचीस."

"जास्त?"

"तिसऱ्या अंकात. फार ओढायचीस. तेव्हा बोलले नाही, पण जास्तच."

घारीने कप खाली ठेवला. ती खुर्चीवर मागे रेलली, पाय पांघरुणात असल्यासारखे जुळवले, आणि खोकली. एकदाच, लहानसं. भाचीला उगाचच वाटलं की आपलं काहीतरी चुकलंय, आणि ती उभी राहिली. दुसऱ्यांदा घार खोकली ती बहिणीकडे बघून, आणि त्यात वर्तमानपत्रातला फोटो होता, मोठ्ठे डोळे होते, हिरवं रेशीम होतं.

धाकटी कधी उठली ते तिलाही कळलं नसावं. ती दाराशी गेली, मान खाली घातली. "बाईसाहेब, दार लावू का?"

"'बाई,'" घार खुर्चीच्या पलंगावरून म्हणाली. "नुसतं 'बाई'. पुन्हा घे."